डावीकडचा क्लच

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी साडेसहा-सातला बाहेर पडलात, तर बाजार समितीच्या मागच्या रस्त्यावर किंवा अजून घरं न उठलेल्या नव्या प्लॉटांच्या गल्ल्यांत एक छोटी पांढरी गाडी रांगताना दिसेल. टपावर पाटी, पाटीवर देवाचं नाव, पुढे ‘मोटार ट्रेनिंग स्कूल’. मागच्या काचेवर दोन मोबाइल नंबर. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’. मागून आलेला दूधवाला हॉर्न न वाजवता लांबून वळसा घालतो. त्याला अनुभव आहे. गाडीचं खरं वेगळेपण मात्र रस्त्यावरून दिसत नाही. ते डाव्या सीटच्या पायाशी आहे. तिथे आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक असतो.

ही मालकाची हौस नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी प्रशिक्षण शाळेला परवाना देताना अट घातली आहे, की मोटारसायकल सोडून शिकवण्याच्या प्रत्येक गाडीला दुहेरी कंट्रोल हवा. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याला गाडी आवरता आणि थांबवता आली पाहिजे. व्यवहारात बहुतेक गाड्यांना क्लच आणि ब्रेक एवढंच बसवतात. ॲक्सिलरेटर शिकणाऱ्याकडेच राहतो, आणि त्यात शहाणपण आहे: गाडी थांबवायला दोन माणसं असली तर बरंच, पळवायला एकच बरा. जोडणी साधी असते. गॅरेजवाला डाव्या बाजूला पॅडल बसवून ते लोखंडी सळईने उजवीकडच्या पॅडलला जोडतो. अशा जोडणीत मास्तरांनी पाय दाबला की शिकणाऱ्याच्या तळव्याखालचं पॅडलही खाली जातं. आणि उलटही होतं, ही खरी गंमत. शिकणारा क्लच किती सोडतोय, कुठे अडखळतोय, घाबरून कुठे पाय उचलतोय, हे मास्तरांना मान न वळवता बुटातून कळतं. त्यांचे डोळे रस्त्यावर असतात, तोंड बोलत असतं, आणि पाय ऐकत असतो.

हा सगळा खटाटोप क्लचसाठी आहे. स्टेअरिंग माणसाला तासाभरात जमतं, निदान जमल्यासारखं वाटतं. ब्रेक कळायला शिकवणी लागत नाही. अडतं ते डाव्या पायापाशी, आणि का अडतं हे बहुतेक शाळांत कुणी सांगत नाही. नुसतं ‘हळू सोडा, हळू सोडा’ चालू असतं.

पेट्रोल किंवा डिझेलचं इंजिन जिवंत राहायला मिनिटाला सात-आठशे फेरे तरी फिरावं लागतं. त्याच्या फार खाली गेलं की ते बंद पडतं. उभ्या गाडीच्या चाकाचे फेरे मात्र शून्य. एक शून्यावर येऊ शकत नाही, दुसरं शून्यावरच उभं आहे, आणि या दोघांची गाठ घालून द्यायची आहे. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती फिरत असते. तिच्यासमोर दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर लावलेली क्लचप्लेट असते, तिचा दांडा गिअरबॉक्समध्ये गेलेला. मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पॅडल दाबलं की हा दाब सुटतो आणि चाकं इंजिनपासून मोकळी होतात. सोडलं की दाब परत येतो. मधल्या थोड्याशा टप्प्यात दोन्ही चकत्या एकमेकींवर घासत, घसरत, जात्याच्या दोन तळ्यांमध्ये दाणाच नसावा तशा फिरतात, आणि त्या घासण्यातच उभी गाडी सावकाश वेग घेते. हाच ‘हाफ क्लच’.

आता अडचण पाहा. गाडीतलं बाकी प्रत्येक पॅडल दाबलं की काम करतं. ब्रेक दाबा, थांबते. ॲक्सिलरेटर दाबा, पळते. एकट्या क्लचचं काम दाबल्यावर थांबतं आणि सोडल्यावर सुरू होतं. म्हणजे डाव्या पायाला सोडण्याची कला शिकायची असते, तीही अर्ध्या-एक इंचाच्या टप्प्यात, टाच टेकवून. चालताना, पळताना, सायकल मारताना असं काम पायाला कधी पडलेलं नसतं. त्यात माणूस घाबरला की पाय उचलून घेतो. क्लच एकदम सुटतो, चकत्या एकदम चिकटतात, इंजिन शून्याकडे खेचलं जातं, गाडी दोन हिसके देऊन बंद पडते. मागून हॉर्न. घाबरणं वाढतं. पुढचा हिसका अधिक जोरात.

चांगला मास्तर इथे पायाकडे बघू देत नाही. तो म्हणतो, ‘आवाज ऐका.’ क्लच पकडायला लागला की इंजिनचा आवाज खाली बसतो, बोनेट किंचित उचलल्यासारखं होतं, स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर येते. ‘आता इथेच थांबा. पाय हलवू नका. थोडी रेस द्या. गेली ना गाडी?’ पहिले काही दिवस याखेरीज दुसरं काही शिकवू नये असं माझं मत आहे. सपाट रस्त्यावर गाडी उचला, चार हात न्या, थांबवा, पुन्हा उचला. कंटाळवाणं आहे, पण रोज तीन किलोमीटरची फेरी मारून आणण्यापेक्षा हजारपट उपयोगी. शाळांना ते परवडत नाही, कारण विद्यार्थ्याला ‘आज स्टेशनपर्यंत चालवली’ असं घरी सांगायचं असतं. मग मास्तर डावा क्लच स्वतः सांभाळतात, विद्यार्थी स्टेअरिंग धरून बसतो आणि स्टेशन येतं. पहिल्या आठवड्यात गाडी नेमकी कोण चालवतंय हा प्रश्न विद्यार्थ्याला पडत नाही, आणि मास्तर सांगत नाहीत.

अर्ध्या तासाचा ‘क्लास’ आला कुठून, याचं उत्तरही नियमांच्याच पुस्तकात सापडतं. खासगी मोटारीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं असावं असा नियम आहे. भागाकार केला तर दिवसाला अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटं पडतात. गावोगावचे अर्ध्या तासाचे क्लास या हिशोबात चपखल बसतात. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा ते निघाल्यापासून ३० दिवसांनी देता येते. शाळेचे २१ दिवस त्या महिन्यात आरामात मावतात. विद्यार्थ्याच्या तासांचं रजिस्टर ठेवायचं, शेवटी प्रमाणपत्र द्यायचं, हेही शाळेवर बंधनकारक आहे. नियमातल्या अभ्यासक्रमात गाडीचे भाग आणि त्यांची कामं शिकवणंही आहे. भिंतीवर इंजिनचा तक्ता बहुतेक शाळांत असतो. त्याच्यासमोर विद्यार्थी उभा राहिलेला मी क्वचितच पाहिला आहे.

या शाळांची एक पिढी मारुती ८०० ने वाढवली. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, हलका क्लच, बराच काळ चारच गिअर, आणि नाक इतकं आखूड की कुठे संपतं ते नवशिक्यालाही कळतं. सुटे भाग कुठल्याही गावात मिळायचे, हे शाळामालकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठं, कारण शाळेच्या गाडीत क्लचप्लेट म्हणजे मेणबत्तीच: दर सकाळी थोडी जळते. अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी रेटली की येणारा करपट वास हा त्या गाड्यांचा कायमचा वास.

त्याआधी शिकलेल्यांनी हात बसवला तो फियाटवर. या फियाटचा, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यालाच असे; पुढे सलग बाक, मध्ये काही आड नाही. त्या गाडीवर शिकलेले काका पुढे मारुतीत बसले तरी काही दिवस हात स्टेअरिंगखाली चाचपायचे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. फियाटच्या गिअरहून जुनी ट्रकवाल्यांची विद्या म्हणजे ‘डबल क्लच’: गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये न्यूट्रलमध्ये सोडायचा आणि खालच्या गिअरला जाताना रेस देऊन दातांचा वेग जुळवायचा. हे जुळवण्याचं काम गिअरबॉक्सनेच करावं अशी सिंक्रोमेशची युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅकच्या मोटारीत आली आणि पुढे सगळीकडे पसरली. आज आपण क्लच एकदा दाबून गिअर अलगद टाकतो ते तिच्या जिवावर. आताच्या गाड्या तर आणखी क्षमाशील आहेत. इंजिन दमतंय असं दिसताच त्यातला कॉम्प्युटर स्वतःच थोडं इंधन वाढवतो, त्यामुळे सपाटीवर रेस न देता नुसता क्लच सोडूनही गाडी निघते. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुतीत एवढी सवलत नव्हती.

सपाटीवर हे सगळं ठीक. परीक्षा चढावर असते. उतरता रस्ता मागे, पुढे सिग्नल, ब्रेकवरून उजवा पाय ॲक्सिलरेटरवर न्यायचा त्या क्षणात गाडी मागे येते. उपाय दोनच: हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच पकडेपर्यंत सोडायचा, रेस द्यायची आणि मग हँडब्रेक खाली करायचा, नाहीतर पाय ब्रेकवर असतानाच क्लच पकडीपर्यंत आणून तिथे धरायचा आणि मग उजवा पाय हलवायचा. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता पुन्हा काढून दाखवणं नियमानुसार अपेक्षित आहे. पुण्याच्या चारचाकीच्या परीक्षा भोसरीला आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होतात. वळणं, रिव्हर्स आणि चढ तिथे आखलेले, आणि शेजारी मदतीला डावा पाय नसतो. सरळ डांबरी रस्त्यावर शंभर मीटर चालवून ‘झालं, उतरा’ म्हणणारी परीक्षा ज्यांनी दिली, त्यांना हा ट्रॅक अन्याय वाटतो. मला तो न्याय वाटतो.

घाटात समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा रस्त्याचा नियम आहे. तो निव्वळ सौजन्याचा नाही. चढणारी गाडी थांबली तर तिला पुन्हा अर्ध्या क्लचवर उचलावी लागते. भरलेला ट्रक असेल तर क्लचप्लेटचा जीव जातो किंवा गाडी मागे येते. उतरणाऱ्याला नुसता ब्रेक सोडायचा असतो. उतरणाऱ्यासाठी वेगळी शिकवण आहे आणि ती जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी एका वाक्यात सापडते: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि खंबाटकीसारख्या उतारावर नेमके खाली आल्यावर साथ सोडतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे अजूनही भेटतात. त्यांना गिअरमध्ये उतरणं कुणी शिकवलेलं नसतं, कारण शाळा गावच्या वेशीबाहेर गेलेलीच नसते.

दुपारच्या क्लासला बहुतांश बायका असतात. मुलं शाळेत, नवरा कामावर, घरी दारात गाडी उभी. यांच्याविषयी शाळांत बरंच टिंगलीने बोललं जातं. माझं निरीक्षण उलट आहे. चाळिशीतली बाई क्लच नीट समजून घेते, कारण ती विचारते. विशीतल्या मुलाला मित्राच्या गाडीवर थोडं येत असतं आणि ते अर्धवट येणंच त्याला नडतं. बायकांना नडतं ते शाळेनंतर. प्रमाणपत्र मिळालं, लायसन्स आलं, आणि घरच्या गाडीत शेजारी दुसरा क्लच नाही. आहे तो नवरा, आणि त्याला वेळेवर दाबता येत नाही, नुसतं ओरडता येतं. कित्येकींचं शिकणं इथे थांबतं.

आणि आता क्लचच जायला निघाला आहे. १८ जानेवारी २०१४ ला शेवटची मारुती ८०० कारखान्यातून बाहेर पडली. त्यानंतर काही आठवड्यांत, फेब्रुवारीत, त्याच कंपनीने सेलेरिओ आणली. तिच्या एका प्रकारात क्लच दाबण्याचं काम यंत्र करत होतं आणि किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यातली होती. क्लचचं पॅडल नाही, गिअर आपोआप. विजेच्या गाडीत तर प्रश्नच मिटला: मोटर शून्य फेऱ्यांपासून जोर देते, त्यामुळे गाठ घालून देणारा मध्यस्थ लागतच नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवायची परवानगी मिळत नाही. आपल्या लायसन्सवर असा भेद नाही. ऑटोमॅटिकवर शिकलेला माणूस दुसऱ्या दिवशी गिअरची गाडी घेऊन कायद्याने घाटात जाऊ शकतो.

२०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आली: ट्रॅक, सिम्युलेटर, मोटारीसाठी २९ तास, त्यात २१ तास प्रत्यक्ष आणि ८ तास वर्गात, तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओच्या परीक्षेतून सूट. कागदावर ही जुन्या दहा तासांपेक्षा कितीतरी चांगली सोय आहे. पण गल्लीतली देवाच्या नावाची शाळा इतक्यात जाणार नाही. तिचा मास्तर घरापाशी येतो, वेळ जुळवून घेतो, फी दोन हप्त्यांत घेतो. तिच्याकडे नाव घालणार असाल तर फी विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. शेवटचे चार क्लास चढावर, उड्डाणपुलाच्या तोंडाशी घेणार का? आणि त्या चार क्लासांत मास्तर पाय मागे ओढून सीटखाली ठेवणार का? पहिल्याला बहुतेक जण हो म्हणतात. दुसऱ्यावर थोडी घासाघीस करावी लागते.