शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना व मज्जातंतूंचे बधिरीकरण

आम्ही वैद्य नव्हे. धान्याच्या घाऊक व्यापारात आमचे आयुष्य गेले. काही वर्षांपूर्वी आमच्या वहिनींवर स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्या रात्री त्या खोकलाही दाबून धरीत होत्या. हात उचलणे तर दूरच. ‘इतके दुखायचेच’ असे म्हणून आम्ही सर्वांनी त्यांची समजूत घातली. पुढे एका भूलतज्ज्ञांकडून जे समजले, ते आपल्या व्यापारी बंधूंच्या घरोघरी पोचावे एवढाच या लेखाचा हेतू.

स्तनाची वेदना मुख्यतः फासळ्यांमधील मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जाते. त्यांचीच एक शाखा काखेतून दंडाकडे गेलेली असते. या वाटेवर बधिर करणारे औषध सोडले, की वेदनेची वर्दी पुढे जात नाही. कण्यालगत, मज्जातंतूंच्या उगमाशी, असे औषध देण्याची रीत जर्मनीतील ह्यूगो झेलहाइम यांनी 1905 साली प्रचारात आणली. छातीच्या दोन स्नायूंच्या मधल्या पदरात औषध पसरविण्याची रीत राफाएल ब्लांको यांनी 2011 साली मांडली, आणि पाठीच्या स्नायूखाली ते देण्याची रीत 2016 साली पुढे आली. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत औषध देता येते.

सामान्यतः पूर्ण भूल द्यावीच लागते. हे बधिरीकरण तिच्या जोडीला असते. एका वेळच्या औषधाचा परिणाम काही तास, क्वचित दिवसभर टिकतो. तेवढ्यात अफूवर्गातील औषधे कमी लागतात, मळमळ कमी होऊ शकते आणि हात हलविणे सुसह्य होते.

उपायात धोका मुळीच नाही असे मात्र नव्हे. क्वचित फुप्फुसाच्या आवरणास इजा होते, किंवा औषध रक्तात अधिक गेल्यास हृदयावर परिणाम होतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती आधी सांगावीत. तसेच याने कर्करोग उलटण्याचे टळते, अशी आशा धरू नये. 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात तसा लाभ आढळला नाही.

नमुना पाहिल्याखेरीज सौदा न करणारे आपण, रुग्णालयात केवळ खर्चाचा आकडा विचारून परततो. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांस आणखी एक प्रश्न विचारावा : ‘नंतरच्या वेदनेसाठी काय योजना आहे? हे बधिरीकरण यांना देता येईल काय?’ आमच्या वहिनींसाठी हा प्रश्न कोणी विचारला नाही. वाचकांनी तो अवश्य विचारावा.