समुद्रतळाचा गाळ : उल्काधूळ व पाऊसकाळाची नोंद

विहीर खणताना मातीचे थर कसे एकाखाली एक लागतात, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. महासागराच्या तळाशीही असेच थर असतात. परंतु किनाऱ्यापासून दूर, अतिखोल जागी तांबड्या चिकणमातीचा एक मिलिमीटर थर साठण्यास सुमारे हजार वर्षे लागतात. म्हणूनच आकाशातून पडणारी उल्काधूळ तेथे गाळात लोपून जात नाही. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने आणलेल्या गाळातून तिचे सूक्ष्म गोल कण लोहचुंबकाने वेचण्यात आले. ही धूळ शेतातही पडतेच. पण नांगरटीत आणि पुरात ती कोणास सापडणार?

जेथे तळ तितका खोल नाही, तेथे सूक्ष्म जीवांची चुन्याची कवचे साठतात. पृथ्वीवर बर्फ वाढले, की समुद्राच्या पाण्यात प्राणवायूच्या जड अणूंचे प्रमाण वाढते व ते कवचांत उतरते. दक्षिण हिंदी महासागरातील अशा गाळावरून हेज, इम्ब्री व शॅकल्टन यांनी १९७६ मध्ये दाखविले, की बर्फाची वाढघट सुमारे १ लक्ष, ४१ हजार व २३ हजार वर्षांच्या फेऱ्यांनी होते आणि पृथ्वीच्या कक्षेतील व अक्षातील बदलांशी ती जुळते.

अरबी समुद्राच्या गाळात तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचाच जोर उमटला आहे. वारा जोराचा असला, की खालचे थंड पाणी वर येते व त्यात वाढणाऱ्या जीवांची कवचे अधिक साठतात. त्यावरून दिसते, की गेल्या हिमयुगात हे वारे मंद होते आणि सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी आजच्याहून प्रबळ होते.