हातच्याची वजाबाकी आणि तीस वर्षं

सकाळी विठ्ठलवाडी स्टेशनात मुंबईकडच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. समोर, बदलापूर-कर्जतच्या बाजूला, तुरळक मंडळी असतात आणि त्यांत जिल्हा परिषदेचा एखादा गुरुजी, एखादी बाई हमखास. बदलापूरला किंवा वांगणीला उतरायचं, रिक्षा पकडायची आणि पाड्यावरची द्विशिक्षकी शाळा गाठायची. पहिली ते चौथीचे सगळे विषय या दोघांकडेच. मग गणितात अडलं तर विचारायचं कोणाला?

उत्तरं बरीच शोधली गेली. 1986च्या शैक्षणिक धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, उभी राहिली. ठाण्याचं डाएट तर आपल्या अंबरनाथ तालुक्यातच, रहाटोलीला आहे. 1994 साली केंद्रप्रमुख आले, साधारण दहा शाळांमागे एक. त्यांनी वर्गात बसावं, स्वतः पाठ घेऊन दाखवावा, ही कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात पोषण आहाराचे आकडे, यू-डायसची माहिती आणि ‘तातडीचे’ तक्ते यांतच त्यांचे दिवस गेले.

प्रशिक्षणांना तोटा नव्हता. राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्या उतरत प्रत्येक प्रशिक्षण शिक्षकापर्यंत पोचायचं, तोवर त्यात उरायची फक्त पुस्तिका आणि सह्यांचा कागद.

अडतं कुठे, ते बघा. 43 वजा 18 दिलं की पोरगं 35 लिहितं. आठातून तीन काढले, पाच. चारातून एक काढला, तीन. हे मूल हुशार आहे, त्याने आपल्यापुरता नियम बनवलाय. ‘चूक’ अशी लाल फुली मारून तो मोडत नाही. दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून, तेरा सुट्ट्या काड्यांतून आठ आणि उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक उचलायला लावला की 25 त्याच्याच हाती येतं. वर्गात शेजारी उभं राहून हे शिक्षकाला दाखवणारा माणूस हवा. गणितपेटी कपाटात असतेच, बहुधा कुलपात.

2015च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या काळात हे थोडं जमलं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळांतलं विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांचं काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. भाषण ऐकण्यापेक्षा चालता वर्ग पाहणं केव्हाही सरस! 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे बाजू मांडत राहिल्या. पालकांची समजूत घालायला मात्र शाळेतल्या बाई एकट्याच होत्या.

पुढे कोरोनाने शाळा बंद पाडल्या. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांची शाळा तर आधीपासूनच अर्ध्या वर्षाची. विटांची मजुरी हजारावर ठरते. त्या हिशेबाशी वर्गातल्या गणिताची गाठ घालून देणारं कोणी भेटलं, तर ती मुलं मागे पडायचं कारण नाही.

2021 साली ‘निपुण भारत’ आलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अंकज्ञान, मुदत 2026-27. या कामातले कितीतरी विषय साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना विषयात मदत करणारी माणसं, करारावर राबतात, आणि केंद्रप्रमुखांच्या रिकाम्या जागांचा भार शेजारच्या केंद्रावर पडतो. माझं म्हणणं एवढंच: नवी पेटी आणि नवं ॲप पाठवण्याआधी या जागा भरा, आणि गणिताच्या माणसाला आठवड्यातले दोन दिवस तरी कागदांतून सोडवून वर्गात पाठवा.