शाळेत न जाता शिकलेल्या मुलांना कॉलेज मिळतं का? बारावीचा कागद कसा मिळवायचा, वाचा

सांगली : आटपाडी, खानापूर तालुक्यांतली गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर पांगली आहेत. जत भागातून ऊसतोडीला टोळ्या जातात, मेंढपाळ महिनोन् महिने फिरतीवर असतात. अशा घरांतल्या काही पोरांची शाळा मध्येच सुटते. काही पालक तर ठरवूनच मुलांना घरी शिकवतात. पोरगं हुशार असतं, पण कॉलेजची वेळ आली की प्रश्न पडतो : शाळेतच गेलं नाही, आता प्रवेश कोण देणार?

प्रवेश मिळतो. अट एकच, मान्यताप्राप्त मंडळाचं बारावीचं प्रमाणपत्र हवं. मुंबईच्या मालविका जोशी हिने सातवीनंतर शाळा सोडली आणि घरीच शिकून संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली. तरीही बारावी नसल्यामुळे आयआयटीत प्रवेश मिळू शकला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं. पण अशी पदकं सगळ्यांच्या हाती येत नाहीत. बाकीच्यांनी बारावीचा रस्ता धरलेलाच बरा.

रस्ता पहिला : १७ नंबर फॉर्म

शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी राज्य मंडळाची ही सोय आहे. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. बारावीसाठी दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली हवीत. फॉर्म मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. सांगली आणि सातारा जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाकडे येतात.

रस्ता दुसरा : एनआयओएस

ज्याच्याकडे शाळेचा दाखलाच नाही, त्याच्यासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. दहावीला वय १४ पूर्ण हवं आणि जन्मतारखेचा पुरावा हवा. आठवी पासचा कागद नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. बारावीसाठी दहावी पास आणि वय १५ पूर्ण लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे विषय एकेक करून सोडवता येतात.

डॉक्टर, इंजिनिअर होता येतं का?

होतं. पण विषय निवडताना चुकू नका. इंजिनिअरिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घ्या. नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घ्या. मुक्त विद्यालयाची बारावी नीटला चालते, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं. खुल्या गटाला या विषयांत ५० टक्के, तर राखीव गटाला ४० टक्के गुण लागतात. बी.ए., बी.कॉम. करायचं तर शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात जाताना मंडळ बदलल्याचा दाखला, म्हणजे मायग्रेशन, काढून ठेवा.

कागद आधीच जमवा

शाळेचा दाखला नसेल तर जातीच्या दाखल्यात खोळंबा होतो. अशा वेळी वडील, चुलते किंवा आजोबांचे जुने शाळेचे दाखले शोधा. आरक्षणातून प्रवेश हवा तर जात वैधताही लागते, त्यासाठी बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. परराज्यात राहिलेल्यांनी अधिवास दाखल्यासाठी तहसील कार्यालयात आधीच चौकशी करावी.

एक सावधगिरी : 'घरबसल्या महिन्यात पास करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. मंडळ मान्यताप्राप्त नसेल तर त्या कागदावर कुठलंही कॉलेज दार उघडत नाही.

आणि मूल १४ वर्षांच्या आतलं असेल तर सरळ गावातल्या जिल्हा परिषद शाळेत न्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाला साजेशा वर्गात त्याला प्रवेश मिळतो. जन्मदाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.