तळहातावरची टांकसाळ

‘खाण’ हा शब्द उच्चारला की कोणाच्या डोळ्यांपुढे कोलारचे सोने येते, कोणाला गोव्यातील तांबड्या खनिजाचे ढीग दिसतात, तर हैदराबादकरांना गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या कथा आठवतात. जमीन खणावी, घाम गाळावा आणि धरणीच्या पोटातले धन वर काढावे, असा या शब्दाचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला अर्थ. २००९ सालापासून मात्र त्याला एक नवाच अर्थ येऊन चिकटला आहे. मातीशी काडीचाही संबंध नसलेले हे नवे खाणकाम विजेवर चालते, आणि त्यातून निघणारे ‘बिटकॉइन’ नावाचे नाणे हातात धरता येत नाही की गाठीला बांधता येत नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी हा विषय वारंवार येतो; वडीलधाऱ्यांच्या मनात त्याविषयी कुतूहलापेक्षा धास्तीच अधिक. ती धास्ती निराधार नाही, हे पुढे येईलच. परंतु या गजबजलेल्या बाजाराचा एक लहानसा स्वच्छ कोपरा असा आहे, की जेथे हौशी माणसे तळहातावर मावेल एवढे खाणयंत्र स्वतः आखतात आणि घडवतात. त्या यंत्राची रचना समजावून सांगणे, आणि त्याचे खरे मोल कशात आहे याचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वही आणि ठसा

सातोशी नाकामोतो हे टोपणनाव धारण करणाऱ्या अज्ञात लेखकाने ऑक्टोबर २००८ मध्ये या चलनाची कल्पना मांडली, आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. ‘वही’ हा शब्द मुद्दामच योजला आहे. पेढीवरच्या कीर्दखतावणीप्रमाणे कोणी कोणाला किती दिले याची ती नोंद असते. मात्र ही वही कोणा एका दिवाणजीच्या गादीखाली नसते. तिच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर असतात. मग नवे पान लिहिण्याचा मान कोणाला द्यायचा? त्यासाठी एक कोडे घातलेले असते, आणि ते जो प्रथम सोडवील त्याने पान लिहावे व बक्षीस घ्यावे, असा नियम आहे.

कोड्याचे स्वरूप असे. प्रत्येक पानाला ८० बाइटांचे एक शीर्षक असते. मागील पानाचा ठसा, चालू पानावरील सर्व नोंदींचा मिळून एक ठसा, वेळ, कसोटीचा आकडा अशा गोष्टी त्यात असतात; आणि शेवटी चार बाइटांची एक मोकळी जागा, जेथे वाटेल तो आकडा भरण्याची मुभा असते. हे शीर्षक ‘एसएचए-२५६’ नावाच्या गणिती चरकातून दोनदा पिळून काढले की २५६ बिटांचा एक ठसा मिळतो. त्यालाच ‘हॅश’ म्हणतात. शीर्षकातला एक अंक बदलला तरी ठसा आमूलाग्र बदलतो, आणि हवा तसा ठसा यावा म्हणून कोणता आकडा भरावा हे आगाऊ सांगण्याची युक्ती कोणासही सापडलेली नाही. ठसा ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान यावा, एवढीच अट. तेव्हा उपाय एकच: जुडग्यातली एकेक किल्ली कुलपाला लावून पाहायची. मोकळ्या जागेत सुमारे ४२९ कोटी आकडे बसतात. ते संपले की शीर्षकाच्या इतर भागांत किंचित फेरफार करून पुन्हा आरंभ.

सरासरी दर दहा मिनिटांनी एक पान लिहिले जावे म्हणून प्रत्येक २०१६ पानांनंतर कोडे आपोआप अवघड वा सोपे होते. बक्षीस आरंभी ५० नाणी होते. ते टप्प्याटप्प्याने निम्मे होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ नाण्यांवर आले आहे.

घरातून कारखान्यात, आणि पुन्हा घरात

पहिल्या वर्षी घरच्या साध्या संगणकावर हे काम होत असे. २०१० मध्ये चित्रखेळांसाठी वापरली जाणारी ग्राफिक्स कार्डे त्यास जुंपली गेली. २०११ मध्ये ‘एफपीजीए’ ही, आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप आली, आणि तिच्यावरचे आराखडे हौशी मंडळींनी एकमेकांत मुक्तपणे वाटले. २०१३ मध्ये केवळ हा एकच ठसा काढण्यासाठी जन्मलेली ‘एसिक’ चिप बाजारात आली आणि हौशी माणूस शर्यतीतून जवळजवळ बाद झाला. चीनमधील बिटमेन कंपनीने २०१६ साली आणलेल्या ‘अँटमायनर एस९’ या यंत्रात अशा १८९ चिपा होत्या; ते सुमारे १३०० वॉट वीज खाई आणि त्याच्या पंख्यांच्या आवाजात घरात बोलणे अशक्य होई.

२०२३ च्या सुमारास काही हौशी अभियंत्यांनी उलटा विचार केला. मोठ्या यंत्रातल्या शेकडो चिपांपैकी एकच चिप घ्यावी आणि तिच्याभोवती घरगुती यंत्र रचावे. यातून ‘बिटॲक्स’ जन्मास आले. त्याचा आराखडा आणि आज्ञावली दोन्ही सर्वांना खुली आहेत. कोणीही ती पाहावी, सुधारावी, बनवावी. आराखडा ज्या ‘कायकॅड’ या प्रणालीत रेखाटला जातो तीही विनामूल्य आहे. ग्रनोबल येथील झाँ-पियेर शारा यांनी ती १९९२ साली सुरू केली.

हमाल आणि दिवाणजी

या छोट्या यंत्रात मुख्य पात्रे दोन. एक हमाल आणि एक दिवाणजी. हमाल म्हणजे ती एसिक चिप: अंगात प्रचंड बळ, पण एका कामापलीकडे काहीही न जाणणारी. ‘बिटॲक्स गॅमा’ या नमुन्यात ‘बीएम१३७०’ ही चिप असते. तिच्यात सुमारे २०४० सूक्ष्म गणनाकेंद्रे आहेत, आणि प्रत्येक केंद्र घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक किल्ली लावून पाहते. ठोके सेकंदाला ५२ कोटी ५० लाख. दोहोंचा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १ लाख ७ हजार कोटी प्रयत्न होतात. दिवाणजी म्हणजे ‘ईएसपी३२’ ही, विद्यार्थ्यांच्या प्रयोगांतही सर्रास दिसणारी स्वस्त चिप. ती वाय-फायने बाहेरच्या जगाशी बोलते, नवे शीर्षक आणते, ते हमालाच्या पाठीवर देते आणि सापडलेला आकडा पोहोचता करते.

या दोघांना एकत्र नांदवणे हीच आराखडा करणाराची खरी परीक्षा. पहिली अडचण भाषेची. दिवाणजी ३.३ व्होल्टांत बोलतो. हमालाचे कान त्याहून कितीतरी नाजूक, म्हणून मध्ये दुभाषा ठेवावा लागतो. त्यातून कंपनीने या चिपेची माहितीपुस्तिका प्रसिद्ध केलेली नाही. हौशी मंडळींनी मोठ्या यंत्रातल्या तारांवर मापनयंत्र लावून त्यांचे संभाषण अक्षरशः चोरून ऐकले. आज्ञेच्या आरंभी कोणते दोन बाइट येतात, उत्तरात तेच उलटून कसे येतात, शेवटी तपासणीचा आकडा कसा काढला जातो, हे एकेक करून उलगडले. शिलालेखाची अपरिचित लिपी वाचणाऱ्या संशोधकाची चिकाटीच येथे कामी आली.

दुसरी अडचण विजेची. बोटाच्या नखाएवढ्या या चिपेला सुमारे १.१५ व्होल्टच लागतात, पण विद्युतधारा सुमारे १२ अँपिअर. आपल्या न्हाणीघरातला २००० वॉटचा गिझरसुद्धा पावणेनऊ अँपिअरच घेतो! आता ओहमचा नियम आठवावा. वाटेतल्या तांब्याचा रोध केवळ एक शतांश ओहम असला, तरी १२ अँपिअरांमुळे ०.१२ व्होल्ट वाटेतच गळतात, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक. म्हणून सर्किट बोर्डावर तांब्याचे रुंद पट्टे लागतात आणि वीज देणारे मंडल चिपेला अगदी खेटून बसवावे लागते. बाहेरून येणारे ५ व्होल्ट १.१५ वर आणण्यासाठी वीज सेकंदाला लक्षावधी वेळा जोडली-तोडली जाते, आणि वेटोळे व कपॅसिटर मिळून तो धक्का सपाट करतात. येथे मोहाला जागा आहे. व्होल्ट वाढवले की ठोके वाढवता येतात. परंतु खर्च होणारी वीज व्होल्टांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोके तेच ठेवून व्होल्ट दहा टक्के वाढवले, तरी वीज एकवीस टक्के अधिक जळते.

तिसरी अडचण उष्णतेची. त्या नखाएवढ्या जागेतून चौदा-पंधरा वॉटांची धग सतत बाहेर काढावी लागते. त्यासाठी वर पाकळ्यांचे ॲल्युमिनियम व छोटा पंखा बसवतात. पंखा गार वारा निर्माण करीत नाही, तो खोलीतली हवा फक्त ढकलतो, हे विसरून चालत नाही. चिप ६० अंशांवर ठेवायची आणि खोली २५ अंशांवर आहे, तर उष्णतेला उतरायला ३५ अंशांचा उतार मिळतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात खोली ४३ अंशांवर गेली, की तोच उतार १७ अंशांचा, म्हणजे निम्म्याहूनही कमी. थंड देशात आखलेला पंखा आपल्याकडे अपुरा का पडतो, याचे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

हिशोब

आता पालकांचा प्रश्न: यातून मिळते काय? जगातील सर्व खाणयंत्रांचे एकत्रित बळ २०२५ साली सेकंदाला एकावर एकवीस शून्ये एवढ्या प्रयत्नांच्या घरात पोहोचले. त्यापुढे आपले यंत्र ठेवले, तर दर पानाला जिंकण्याची शक्यता सुमारे ९३ कोटींत एक, आणि एकट्याने पान जिंकण्यास सरासरीने सतरा-अठरा हजार वर्षे! अशा छोट्या यंत्रांना २०२४ व २०२५ साली पान लागल्याच्या बातम्या आल्या, हे खरे. पण सोडत कोणाला तरी लागतेच, म्हणून तिकीट घेणे हा व्यवसाय ठरत नाही.

अनेकांनी मिळून खाणकाम करून बक्षीस वाटून घ्यायचे ठरवले, तर त्याच हिशोबाने आपल्या वाट्याला वर्षाकाठी ०.०००१७६ नाणे येईल. एका नाण्याचा भाव ८० लाख रुपये धरला, तर ते सुमारे १४०० रुपये. यंत्र १७ वॉटांचे धरले, तर वर्षाची वीज १४९ युनिट. आठ रुपये दराने सुमारे ११९० रुपये. दोनशे रुपये सुटले, असे वाटते तोच आयकर पुढे उभा राहतो. २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीतील लाभावर आपल्या देशात ३० टक्के कर आहे, आणि खाणयंत्राचा खर्च त्यातून वजा होत नाही, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले आहे. कर भरून हाती ९८० रुपये उरतात आणि विजेचे ११९० गेलेले असतात. यंत्राची किंमत तर अजून धरलीच नाही. शिवाय कर घेतला म्हणजे सरकारने त्या नाण्याची हमी दिली, असेही कोणी समजू नये.

धास्तीचे कारण आणि मोलाचे स्थान

हा हिशोब ज्याला येतो तो फसत नाही, आणि म्हणूनच तो इतक्या विस्ताराने मांडला. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत, ‘तुमच्या पैशांनी खाणयंत्रे चालतील, तुम्हाला १८ महिने दरमहा १० टक्के मिळतील’ असे सांगून देशभरातील लोकांकडून पैसे घेतले गेल्याचा आरोप आहे. २०१८ साली पुणे पोलिसांनी त्यातील प्रमुख आरोपीला अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. ती खाण ठेवीदारांपैकी कोणी डोळ्यांनी पाहिली होती? दर पानाचे बक्षीस ठरलेले, कोडे दिवसेंदिवस अवघड होणारे, विजेचे बिल नेमाने येणारे. अशा धंद्यात दरमहा दहा टक्क्यांची हमी कोण कशी देणार, हा प्रश्न सातवीतील त्रैराशिक पक्के असलेल्या मुलालाही विचारता आला असता.

तळहातावरच्या यंत्राकडे पाहून काहींना चरख्याची आठवण होते: मोठ्या गिरण्यांपुढे घरातले लहान साधन. उपमा मोहक आहे, पण ती अर्धीच लागू पडते. चरखा गावचा सुतार घडवी. या यंत्राची चिप मात्र तैवानसारख्या ठिकाणच्या मोजक्या कारखान्यांतच बनू शकते, आणि तिचे अंतरंग अजूनही बंद आहे. हौशी माणूस घर बांधतो, हमाल मात्र उसनाच. तरीही ते घर बांधताना ओहमचा नियम, उष्णतेचे वहन, संभाव्यता, सोल्डरिंगची सफाई आणि दुसऱ्याचा आराखडा वाचण्याची शिस्त ही सारी एका पट्टीवर एकत्र येतात. परीक्षेपुरती पाठ केलेली सूत्रे येथे चटका देऊन आपला खरेपणा पटवतात.

म्हणून मुलाने वा मुलीने असे यंत्र करण्याची इच्छा दर्शवली, तर तत्काळ नकार देऊ नये आणि तत्काळ पैसेही देऊ नयेत. आधी घरच्या संगणकावर वीस-पंचवीस ओळींची आज्ञावली लिहायला सांगावी: आपल्या नावापुढे एकेक आकडा जोडून, ज्याच्या ठशाच्या आरंभी चार शून्ये येतील असा आकडा शोध. सोळांच्या मोजणीतील एका शून्याला सरासरी सोळा प्रयत्न पडतात. चारांना ६५,५३६, पाचांना साडेदहा लाखांच्या जवळ. संगणक चार शून्यांना क्षणात आणि सात-आठ शून्यांना धापा टाकत उत्तर देईल, तेव्हा खाणकाम म्हणजे काय हे त्या मुलाला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही. या प्रयोगाला खर्च शून्य. त्यानंतरही उत्साह टिकला, तर वर्षाच्या विजेचा व कराचा वरील हिशोब त्याने स्वतःच्या हाताने मांडावा, त्याखाली ‘हा खर्च शिक्षणाचा’ असे लिहावे, आणि मग खुशाल सोल्डरिंगची लेखणी हाती घ्यावी.