प्रेम ठीक, पण द्यायचं कुणी?

मार्गशीर्षातली पौर्णिमा आली की तापीकाठचं सारंगखेडा एकदम कॉस्मोपॉलिटन होऊन जातं. एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्यासोबत भरणारा घोड्यांचा बाजार. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात, सगळीकडून व्यापारी येतात. घेणारा आधी घोड्याचे दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो, 'पंचकल्याणी' आहे का विचारतो. मग कुठे खिशात हात जातो. लव्ह मॅरेज करणारी आपली जनरेशन जोडीदाराच्या घराची याच्या निम्मी तरी चौकशी करते का?

चौकशी म्हणजे पगार आणि फ्लॅट नव्हे. ते आपल्याला माहीत असतं. धर्म, भाषा, व्हेज-नॉनव्हेज यावरही भरपूर बोलून झालेलं असतं. घोळ होतो तो 'यात काय विचारायचं?' असं वाटणाऱ्या गोष्टींत. आणि त्यासाठी परप्रांतात जायची गरज नाही. सारंगखेडा ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तिथे घरोघरी अहिराणी, गुजरी, भिल्ली, पावरी, गुजराती अशा वेगवेगळ्या बोली ऐकू येतात. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या दोघांचं लग्नही चांगलंच 'इंटरकल्चरल' असू शकतं.

'मुलगी आणि नारळ'

समजा, तुमच्या टीममधला एक जण सारंगखेड्याचा आहे. घरी शेती, कापूस आणि पपई. त्याचं जमलं धडगावच्या पावरा मुलीशी, दोन डेस्क पलीकडे बसणाऱ्या. दोघंही पुण्यात भाड्याने राहतात, एकाच टपरीवर चहा पितात. घरच्यांना पटवायला दोन वर्षं गेली, रडारड झाली, पण शेवटी दोन्हीकडून होकार आला. आता फक्त बैठक.

मुलाचे वडील मोठ्या मनाचे. ते म्हणतात, 'आम्हाला काही नको. मुलगी आणि नारळ द्या, बस!' आपल्याकडे या वाक्यावर टाळ्या पडतात. मुलीचे वडील मात्र गप्प. ते वाट बघताहेत, पाहुणे स्वतःहून काही बोलतील म्हणून. कारण सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात रीत उलटी आहे. तिथे मुलाकडचे मुलीच्या बापाला 'देज' देतात आणि ते पंचांसमोर ठरतं. घरातलं कमावतं माणूस दुसऱ्या घरी चाललंय, त्याचा मान ठेवायचा, असा त्यामागचा विचार. मुलगा-मुलगी पळून गेली तरी पुढे पंच बसतात, देज ठरतं आणि लग्न मान्य होतं.

शेवटी मुलीचा काका आकडा बोलतो. झालं! मुलाची आई मनात म्हणते, 'बाई गं, हे तर पोरगी विकताहेत.' तिकडे बापाच्या मनात येतं, 'माझ्या लेकीचा यांना एवढाही मान नाही?' दोन्ही घरं घरी जाऊन आपापल्या पोरांना झापतात. आणि गंमत म्हणजे कुणीच लबाडी केलेली नाही. 'काही नको' हा मोठेपणा ठरतो तो जिथे हुंडा मागायची पद्धत होती तिथेच. हुंड्याला १९६१ मध्ये कायद्याने बंदी आली, तरी 'आम्ही घेत नाही' हे आपण अजून कौतुकाने सांगतो, यावरूनच ओळखा. ज्या घरात मुलाकडच्यांनीच द्यायचं असतं, तिथे 'आम्हाला काही नको' याचा अर्थ काय लागणार?

देज म्हणजे सगळं गुडी गुडी आहे असंही नाही. ते फेडताना मुलाचं घर कर्जात जातं. 'आम्ही पैसे मोजलेत' असं सुनेला ऐकवणारी माणसंही असतात. पण ते हुंड्याचं धाकटं भावंड नाही, एवढं शहरी सासूबाईंना कुणीतरी आधी सांगायला हवं. आणि ते काम मुलाचंच. सुनेवर ढकलू नका!

गैरसमज करून घेण्यात आपण शहरी मंडळी तशी एक्सपर्ट. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. वर्षानुवर्षं त्यावर 'जोडीदार निवडण्याचा बाजार' असे चटकदार लेख आले. शिकलेले आदिवासी तरुण यावर वैतागतात. त्यांचं म्हणणं साधं आहे: हा होळीच्या खरेदीचा, ढोल वाजवायचा, नातेवाइकांना भेटायचा बाजार आहे. असा एखादा लेख वाचून सासरी पहिल्यांदा जाणारा जावई काय दिवे लावेल, कल्पना करा.

मामाची मुलगी

परप्रांतात गेलात तर आणखी वेगळा बॉम्ब फुटतो. नवरा मराठी, बायको हरियाणाची. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सासूबाई हसत हसत भाचीकडे बोट दाखवतात, 'हिलाच सून करायचं होतं मला!' आपल्या दृष्टीने नेहमीची थट्टा. सुनेचा मात्र घास घशात अडकतो. तिच्याकडे मामाची मुलगी म्हणजे बहीण, विषय संपला.

यावर इरावती कर्वे यांनी १९५३ सालीच लिहून ठेवलंय. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या पुस्तकात त्यांनी भारताचे नातेव्यवस्थेनुसार भाग पाडले. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामाशी किंवा मामाच्या मुलीशी लग्न पसंतीचं आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. इथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा नाही. १९५५चा हिंदू विवाह कायदाही वर्ज्य नात्यांची यादी देतो आणि रूढी असेल तर सूट देतो. म्हणजे सासूबाई आणि सूनबाई दोघीही बरोबर! जाता जाता, इरावतीबाईंची कन्या जाई निंबकर यांच्या सासूबाई मूळच्या अमेरिकन क्वेकर, एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर त्या कमला निंबकर झाल्या आणि १९५०मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. नात्यांचा अभ्यास घरातूनच, म्हणा ना.

नोटिशीचे ३० दिवस

धडगाव-सारंगखेडा जोडीसाठी एक कामाची गोष्ट. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे अशा जोडप्यांसाठी १९५४चा विशेष विवाह कायदा हा सरळ रस्ता. दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. मग नोटीस, पुन्हा ३० दिवसांची वाट आणि सहीला तीन साक्षीदार. नोटीस ऑफिसात लागते, म्हणजे गावात बातमी फुटणार हे धरूनच चाला.

वाट बघायच्या त्या ३० दिवसांत हॉल आणि मेन्यू ठरतोच. खान्देशातल्या लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी हवीच. राजस्थानी सून असेल तर तेवढा एक विषय कमी. उरलेल्या वेळात आईला फोन लावा आणि विचारा, 'बैठकीत पहिलं कोण बोलणार, आणि काय?'