खरखर नेमकी कुठून येते: अमेरिकी ट्रकमधील सीबी रेडिओचे दोषनिदान

अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर धावणाऱ्या अवजड मालट्रकच्या केबिनमध्ये, चालकाच्या डोक्यावरील कप्प्यात किंवा डॅशबोर्डच्या खाली, एक लहानशी पेटी आणि तिला वेटोळ्यांच्या वायरने जोडलेला हातातला मायक्रोफोन आजही पुष्कळदा आढळतो. ‘सिटिझन्स बँड’, म्हणजे सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेला रेडिओ पट्टा, या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या पेटीला सीबी म्हणतात. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (एफसीसी) या तेथील नियामक संस्थेने १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा या सेवेसाठी खुला केला. आरंभीच्या २३ चॅनेलची संख्या १ जानेवारी १९७७ पासून ४० झाली. १९७३च्या तेलटंचाईनंतर इंधनाचा तुटवडा आणि ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा यांनी त्रासलेल्या ट्रकचालकांनी डिझेल कोठे मिळते आणि पोलीस कोठे उभे आहेत हे एकमेकांना कळवण्यासाठी या साधनाचा सपाटून वापर केला, तेव्हापासून ते त्यांच्या व्यवसायाचा भाग बनले. चॅनेल १९ हा ट्रकचालकांचा अघोषित कट्टा ठरला, तर चॅनेल ९ संकटकाळासाठी राखीव राहिला. भारतात अशा कमी शक्तीच्या संचांना २००५ साली परवान्यातून सूट मिळाली असली तरी येथील महामार्गांवर तशी प्रथा रुजली नाही, आणि म्हणून सीबीच्या दुखण्यांची माहितीही मराठी वाचकाच्या सहसा वाट्याला येत नाही. ही दुखणी मात्र कोणत्याही वाहनातील रेडिओची आहेत आणि त्यांच्या निदानाची रीत अतिशय तर्कशुद्ध आहे.

‘नीट ऐकू येत नाही’ या एका तक्रारीत दोन निराळे दोष मिसळलेले असतात. एक तर समोरच्याचा संदेशच संचापर्यंत क्षीण होऊन पोचतो, किंवा संदेश पुरेसा असूनही त्याच्यावर गोंगाट मात करतो. कानाला दोन्हींचा परिणाम सारखाच जाणवतो, कारण शब्द कळणे हे संदेश आणि गोंगाट यांच्या परस्परप्रमाणावर अवलंबून असते. उपाय मात्र पूर्णपणे वेगळे असतात. दुसरी अडचण संदेशवहनाच्या पद्धतीतच आहे. सीबीवरील संभाषण मुख्यतः एएम पद्धतीने चालते, म्हणजे वाहक तरंगाचा आयाम, त्याच्या चढउतारांची उंची, बोलणाऱ्याच्या आवाजानुसार कमीजास्त केली जाते. विजेची ठिणगी किंवा एखाद्या मोटरचा झटका हासुद्धा तरंगाच्या आयामातच भर घालतो, त्यामुळे संचाला माणसाचा आवाज आणि ठिणगी यांत भेद करता येत नाही. मिडियम वेव्हवर आकाशवाणी लावून बसलेल्या श्रोत्याला दूरवर वीज चमकताच जो कडकडाट ऐकू येतो, त्याचेही कारण हेच.

क्षीण संदेशाचा शोध पेटीपासून सुरू करण्याचा मोह होतो, पण तो अँटेनापासून सुरू करणे श्रेयस्कर. कायद्याने सीबीला एएमवर फक्त ४ वॅट शक्तीची मुभा आहे, म्हणून प्रत्येक अंश कामी लावणे ही अँटेनाची जबाबदारी ठरते. २७ मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे ११ मीटर असते आणि उभ्या अँटेनाची स्वाभाविक लांबी तिच्या एक चतुर्थांश, म्हणजे जवळजवळ पावणेतीन मीटर. आधीच चार मीटरच्या आसपास उंच असलेल्या ट्रकवर एवढी काठी उभी करणे पुलांच्या दृष्टीने अशक्यप्राय असल्याने तीन-चार फुटांच्या फायबरग्लासच्या काठीवर तांब्याची तार गुंडाळून लांबीची तूट भरून काढली जाते. अशा आखूड अँटेना चालतात, परंतु त्यांची सहनशीलता कमी असते आणि बसवण्यातली थोडीशी चूकही त्या पोटात घालत नाहीत.

काठी हा अँटेनाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे तिच्या पायाशी असलेला धातूचा पत्रा, ज्याला भूतल किंवा ‘ग्राउंड प्लेन’ म्हणतात. काठीत वाहणाऱ्या उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला परतीची वाट तोच देतो. जुन्या लोखंडी केबिनमध्ये तो आपोआप मिळे. आजच्या अनेक ट्रकची हूड आणि छताचे भाग फायबरग्लासचे असतात, अँटेना बहुधा बाजूच्या आरशाच्या कमानीवर बसवलेली असते, आणि ती कमान रंगाच्या थरामुळे, रबरी चकत्यांमुळे किंवा प्लॅस्टिकमुळे चौकटीपासून विद्युतदृष्ट्या तुटलेली असते. कमानीपासून ट्रकच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत विणलेल्या तांब्याची रुंद पट्टी जोडणे आणि जोडाच्या जागचा रंग खरवडून धातू उघडा करणे, हा यावरचा साधा व स्वस्त इलाज आहे. ट्रकचे केबिन रबरी आधारांवर तरंगत असल्याने केबिन व सांगाडा यांच्यामध्येही अशी पट्टी लागते.

अँटेना ज्या खुंटावर फिरवून बसवतात त्याच्या तळाशी नायलॉनची एक लहान चकती असते. मधल्या वाहकाला कमानीच्या धातूपासून अलग ठेवणे एवढेच तिचे काम. पण ती उलटी बसली, तुटली किंवा राहूनच गेली, तर संपूर्ण अँटेना जमिनीला टेकल्यासारखी होते आणि संच जवळजवळ बहिरा होतो. काही रुपयांच्या या चकतीने नव्या संचांच्या खरेदीला किती हातभार लावला असेल, याचा विचार दुकानदारांनी न केलेलाच बरा.

अँटेना आणि संच यांना जोडणारी समाक्ष केबल, म्हणजे मधली तार व तिच्याभोवती विणलेले धातूचे कवच एकाच अक्षावर असलेली वायर, ही पुढची संशयित. ती दाराच्या फटीतून आत घेतलेली असते आणि दार दररोज कित्येकदा आपटते. दबलेल्या जागी मधली तार कवचाच्या जवळ सरकते. टोकाच्या जोडणीतून पाणी शिरले तर तांब्याचे कवच काळे पडते आणि संदेश वाटेतच जिरतो. मल्टिमीटरने मधल्या तारेच्या दोन टोकांमध्ये रोध जवळजवळ शून्य आहे का, आणि केबल दोन्हीकडून सोडवल्यावर तार व कवच यांच्यात संपर्क नाही ना, हे तपासता येते. अँटेना जोडलेली ठेवून ही तपासणी करू नये, कारण काही अँटेनांच्या रचनेतच तार जमिनीला जोडलेली असते आणि निर्दोष वस्तूवर आळ येतो.

दोन्ही आरशांवर एकेक अशी अँटेनांची जोडी लावण्याची पद्धत ट्रकवाल्यांत लोकप्रिय आहे. एका अँटेनासाठी ५० ओहम संरोधाची केबल लागते. जोडीसाठी मात्र ७५ ओहमच्या दोन सारख्या लांबीच्या केबल विशिष्ट जोडाने एकत्र आणतात, म्हणजे दोन्ही अँटेना समांतर जोडूनही संचाला सुमारे ५० ओहमच जाणवतात. (संरोध म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध.) साध्या केबलचे दोन तुकडे गाठ मारून जोडल्याने हे साधत नाही, आणि जोडीतील एक अँटेना मोडली तर दुसरीचेही काम बिघडते. दोन काठ्यांमध्ये पाव तरंगलांबीपेक्षा, म्हणजे पावणेतीन मीटरपेक्षा, कमी अंतर असल्यास दिशात्मक फायदा फारसा उरत नाही. ट्रकच्या रुंदीचा विचार करता या जोडीत उपयुक्ततेपेक्षा रुबाबाचा वाटा मोठा आहे असे म्हणावे लागते.

अँटेना, केबल आणि संच यांचा मेळ जमला आहे की नाही हे एसडब्ल्यूआर नावाच्या मोजमापावरून कळते. मेळ नसेल तर अँटेनाकडे गेलेल्या शक्तीचा काही भाग परावर्तित होऊन केबलमध्ये स्थिर तरंग निर्माण करतो, आणि त्या तरंगाच्या शिखर व तळ यांचे गुणोत्तर म्हणजे एसडब्ल्यूआर. ते १.५ असेल तर जेमतेम ४ टक्के शक्ती परतते, २ असेल तर ११ टक्के, आणि ३ असेल तर २५ टक्के; तीनच्या पुढे प्रसारण केल्यास संचातील शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका असतो. मोजणी चॅनेल १, १९ आणि ४० या तिन्हींवर, दारे बंद ठेवून व मोकळ्या जागेत करतात. चॅनेल १ वर आकडा अधिक असेल तर अँटेना आखूड आहे, ४० वर अधिक असेल तर लांब, आणि सर्वत्र तीनच्या वर असेल तर लांबीशी खेळत न बसता तुटलेली केबल, शॉर्ट झालेला खुंट किंवा नसलेले भूतल यांच्याकडे वळावे. या आकड्यावर अंधविश्वास मात्र नको. कुजलेली केबल परावर्तित शक्तीही गिळून टाकते आणि मीटरवर अतिशय सुंदर आकडा दाखवते.

आता गोंगाट. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे पेट्रोलच्या गाडीतील टकटक येथे अपेक्षित नाही. तिची जागा अल्टरनेटर, पंख्यांच्या व वायपरच्या मोटरी आणि अलीकडे मुख्यत्वे इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली आहे. एलईडी दिवे, फोनचे चार्जर, डॅशकॅम, बॅटरीच्या विजेचे घरगुती विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर, या सर्वांत विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करणारी मंडले असतात आणि त्या तीक्ष्ण चालू-बंदीचे पडसाद थेट २७ मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. डिसेंबर २०१७ पासून चालकांचे कामाचे तास नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण अमेरिकेत बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकना सक्तीचे झाल्याने केबिनमधील अशा यंत्रांच्या संख्येत आणखी एकाची भर पडली.

उगम शोधण्याची रीत वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकी गूढ नाही. ती केवळ क्रमाने वगळण्याची आहे. इंजिन व किल्ली बंद ठेवून संच लावला आणि खरखर तशीच राहिली, तर ती बाहेरून येत असते: विजेच्या तारा, थांब्यावरचे दिवे, शेजारच्या ट्रकचा इन्व्हर्टर. ट्रक किलोमीटरभर पुढे नेल्यावर ती ओसरली की शंका मिटते. किल्ली फिरवल्याबरोबर सुरू होणारा गोंगाट इंधनपंपाचा किंवा नियंत्रण संगणकाचा असतो, आणि इंजिन सुरू झाल्यावर उमटून त्याच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी शीळ ही अल्टरनेटरची खूण होय. त्यानंतर दिवे, पंखा, चार्जर एकेक करून लावावेत व काढावेत. चार्जर नुसता बंद करून भागत नाही, तो खोबणीतून उपटावा लागतो.

उगम कळला तरी मार्ग कळायचा राहतो. खरखर ऐकू येत असताना संचामागील अँटेनाची केबल सोडवावी (या अवस्थेत बोलण्याचे बटण चुकूनही दाबू नये). आवाज थांबला तर गोंगाट हवेतून अँटेनाद्वारे शिरतो. तसाच राहिला तर तो वीजपुरवठ्याच्या तारेतून येतो. तारेतून येणाऱ्याचा उपाय सोपा: सिगारेट लायटरच्या खोबणीतून किंवा फ्यूजच्या पेटीतून घेतलेली वीज बंद करून जाड तारा फ्यूजसह थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात, कारण बॅटरी स्वतःच मोठ्या गाळणीचे काम करते; एवढ्याने शीळ गेली नाही तर तारेवर फिल्टर बसवावा आणि अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्यावेत. हवेतून येणारा गोंगाट उगमापाशीच गाठावा लागतो. उपद्रवी उपकरणाच्या तारेभोवती फेराइटचे, म्हणजे लोहसंयुगाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाचे, कडे अडकवले की तारेतून उच्च वारंवारतेचा प्रवाह वाहणे अवघड होते आणि ती तार अँटेनासारखी वागेनाशी होते. हूड, दारे आणि धुराड्याचा उभा नळ हे सांगाड्याला पट्ट्यांनी जोडले तरीही फरक पडतो. सर्वांत परिणामकारक इलाज पुष्कळदा कमी दर्जाचा चार्जर फेकून देण्याचाच असतो.

संचावरील बटणांबाबतचे गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्क्वेल्च हे बटण ठरावीक पातळीपेक्षा क्षीण असलेले सर्व काही गप्प करते. त्याने गोंगाट कमी होत नाही, केवळ लपतो, आणि त्याच्याबरोबर दूरचा चालकही लपतो. आरएफ गेन हे संवेदनशीलता कमी करण्याचे बटण जवळच्या तीव्र संदेशांनी संच गुदमरत असेल तेव्हा उपयोगी पडते. नॉइज ब्लँकर ठिणगीसारख्या तुटक झटक्यांपुरता क्षणभर संच बंद करतो, म्हणून एकसलग फसफशीवर तो चालत नाही. याउलट ‘किकर’ म्हणून ओळखला जाणारा बेकायदा शक्तिवर्धक लावणारा चालक स्वतःचा आवाज दूर पोचवतो, पण इतरांचे ऐकण्याची त्याची क्षमता त्याने वाढत नाही, आणि शेजारच्या चॅनेलवर मात्र त्याच्या आवाजाचे शिंतोडे उडतात.

काही खरखर अशी असते की तिच्यात ट्रकचा दोष मुळीच नसतो. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असून ते तेजीत असताना वातावरणाचा आयनांबर हा विद्युतभारित थर २७ मेगाहर्ट्झचे तरंग दिवसा जमिनीकडे परत वळवतो, त्यामुळे हजारो किलोमीटरवरील असंख्य संच एकाच वेळी चॅनेल १९ वर येऊन धडकतात आणि त्यांच्या वाहक तरंगांच्या टकरीतून शिट्ट्यांचा कल्लोळ उठतो. सीबीवाले याला ‘स्किप’ म्हणतात. इतक्या दूरच्या संभाषणावर असलेली जुनी बंदी एफसीसीने २०१७ साली उठवली, तरी अर्धा मैल पुढील अपघाताची सूचना ऐकू पाहणाऱ्या चालकाला त्याचे सुख नाही. अशा दिवशी आरएफ गेन उतरवून फक्त जवळच्यांचे ऐकणे एवढेच हाती उरते. २०२१ साली एफसीसीने सीबीवर एफएम पद्धतीलाही परवानगी दिली. तीत आवाज आयामाऐवजी वारंवारतेच्या बदलात साठवलेला असल्याने खरखर बरीच दबते, मात्र बोलणारा आणि ऐकणारा या दोघांचेही संच एफएमचे असावे लागतात, आणि महामार्गावर अद्याप फिरणारे असंख्य जुने संच केवळ एएमच जाणतात.